पाण्याखालचे जग (भाग ९) : दिवसा तळाशी, रात्री वर

मागील भागात आपण प्राणिप्लवंगांची ओळख करून घेतली. हे पाण्यात तरंगत राहणारे, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे जीव. त्यांतला सायक्लॉप्स महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारूमुळे ठाऊक आहे. पायविहिरीचे पाणी न गाळता प्यायले की सायक्लॉप्सबरोबर नारूची अळी पोटात जाई. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. नारू गेला, सायक्लॉप्स मात्र आजही आपल्या तळ्या-धरणांत आहे. या भागात पाहायची आहे ती त्याची आणि त्याच्या भाऊबंदांची एक सवय.

जगभरच्या असंख्य तलावांत आणि समुद्रांत प्राणिप्लवंग दिवस मावळला की वर येतात आणि उजाडण्याआधी खोल उतरतात. १८१७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी डॅफ्निया या प्राणिप्लवंगाची ही ये-जा नोंदवली होती. वरवर पाहता हा तोट्याचा व्यवहार आहे. शेवाळाला ऊन लागते, म्हणून अन्न वरच्या थरात. पाणीही तिथेच उबदार. डॅफ्निया आपली अंडी पाठीवरच्या पिशवीत वाढवते. खालच्या गार पाण्यात ती सावकाश वाढतात आणि पुढची पिढी लांबते. अर्धा दिवस कमी खाऊन आणि कमी प्रजा वाढवून हा जीव खाली का जातो?

कारण मासा डोळ्यांनी शिकार करतो. उजेडात वर थांबलेला प्लवंग त्याला दिसतो, खालच्या अंधारात दिसत नाही. भूक परवडते, माशाच्या तोंडी जाणे परवडत नाही.

याचा भक्कम पुरावा १९८६ मध्ये पोलंडचे ग्लिविच यांनी दिला. तात्रा पर्वतातल्या काही तळ्यांत मासे मुळातच नव्हते. काहींत ते माणसांनी वेगवेगळ्या काळी सोडले होते, काहींत फार पूर्वीपासून होते. या तळ्यांतल्या सायक्लॉप्सची तुलना केल्यावर दिसले की जिथे मासे नाहीत तिथे ही ये-जा जवळजवळ नाही. आणि मासे जितके जुने, तितकी ती ठळक. ऊन, थंडी, अन्न बहुतांशी सारखेच होते. मुख्य फरक होता तो माशांचा.

ग्लिविच यांनीच मोझांबिकमधल्या काहोरा बासा धरणात चंद्राचा खेळही दाखवला. संकष्टीचा उपास करणाऱ्यांना माहीत आहे की पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. त्या रात्री सूर्यास्तानंतर अंधार पडतो, प्लवंग निर्धास्तपणे वर येतात आणि मग चंद्र उगवतो. अवचित पडलेल्या चांदण्यात तिथले छोटे सार्डिन मासे त्यांचा फडशा पाडतात. दर महिन्याला त्या दिवसांत प्लवंगांची संख्या कोसळत असे.

मासा आहे हे या जिवाला कळते कसे? वासाने. मासे असलेल्या पाण्यात त्यांच्या शरीरातून सुटलेली रसायने मिसळलेली असतात. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी डॅफ्नियाला खाली पिटाळणारे असे एक रसायन ओळखले. ते निघाले कार्प कुळातल्या माशांच्या पित्तातले एक क्षारद्रव्य. चरबी पचवायला माशाला ते लागतेच, म्हणून आपली चाहूल लपवणे त्याला जमत नाही.

इथे आपला बुलढाणा जिल्हा या गोष्टीत येतो. कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही कार्प कुळातले. आपल्या धरणांत मत्स्यबीज सोडतात ते मुख्यतः यांचेच. त्यांतला कटला तर वरच्या थरात फिरून प्राणिप्लवंगांवरच पोसतो. खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा यांसारख्या जलाशयांत पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ येऊन पाणी गढूळ होते. गढूळ पाण्यात माशाची नजर पोचत नाही, म्हणून प्लवंगांना खोल जाण्याची निकड कमी असते; पाणी निवळले की ती वाढते. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू घटला, तर लपायची जागाही आक्रसते.

लोणारचे विवर हे याच्या उलट टोक. तिथल्या पाण्याचा सामू एरवी दहाच्या आसपास असतो. त्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात आपले नेहमीचे मासे तगत नाहीत. शिवाय सूक्ष्म शेवाळाने पाणी इतके हिरवे होते की ऊन फार खोल जात नाही. नजरेने टिपणारा शिकारी नाही आणि थोड्याच खोलीवर अंधार, अशा पाण्यात रोज खाली-वर करण्याचे मुख्य कारणच उरत नाही. २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. माशांवाचून घडलेली ही जीवसृष्टी जपणे हा त्या दर्जाचाच भाग मानला पाहिजे.

मासा सोडला की बदलते ती केवळ प्लवंगांची संख्या नव्हे, त्यांचा स्वभावही बदलतो. बेल्जियममधल्या एका तळ्याच्या गाळातून डॅफ्नियाची जुनी अंडी काढून उबवली, तेव्हा भरपूर मासे सोडल्याच्या काळातली पिढी माशाच्या वासाने उजेडापासून अधिक दूर पळाली. काही दशकांत वंशच बदलला होता.

धरणातली मासेमारी हजारो घरांची चूल पेटवते, ती चालावीच. डासांच्या अळ्यांसाठी हौदात, टाक्यांत गप्पी मासे सोडणेही योग्य. पण विवरातले गोडे झरे, देवराईतली कुंडे, डोंगरातली टाकी अशा बिनमाशांच्या पाण्यात हौसेने किंवा पुण्य म्हणून मासे सोडू नका. तिथल्या प्लवंगांना त्या वासाची ओळख नसते, आणि ती होईपर्यंत त्यांतले फारसे कोणी उरत नाहीत.

पुढील भागात : तळाच्या गाळात वर्षानुवर्षे झोपणारी अंडी.