वळणावरचे अवधान

दुचाकीसाठी कर्ज मिळणे आता सोपे झाले आहे. कागदपत्रे पूर्ण असली की काही दिवसांतच गाडी दारात येते. ती चालवण्याचे शिक्षण मात्र बहुतेकांनी एखाद्या मोकळ्या मैदानावर, थोरल्या भावाच्या किंवा मित्राच्या देखरेखीखाली चार दिवसांत उरकलेले असते. परिवहन कार्यालयाच्या आवारात पाय न टेकता आठाचा आकडा काढला की परवाना हाती पडतो आणि शिक्षण तेथेच थांबते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. या संख्येमागे रस्ते, हेल्मेट, मद्यपान अशी अनेक कारणे आहेत. तरीही चालकाचे कौशल्य हा त्यातील एक धागा असून, तो सहसा कोणी हाती घेत नाही.

हा धागा हाती घेणारे एक ठिकाण चेन्नईनजीक, इरुंगट्टुकोट्टै येथे आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती पूर्वी शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकाळातील जुन्या धावपट्टीवर होत असत. पुढे क्लबने येथे सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीचा व बारा वळणांचा ट्रॅक उभारला. २०१० साली टीव्हीएस रेसिंगच्या सहकार्याने ‘कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल’ या संस्थेचे वर्ग प्रथमच येथे भरले. अमेरिकेतील कीथ कोड यांनी १९८० साली ही संस्था स्थापन केली. शर्यतीत न उतरणारे, कामावर ये-जा करण्यापुरती गाडी वापरणारे चालकही या वर्गांना जाऊ शकतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

कोड यांनी आपल्या शिकवणीसाठी योजलेला दृष्टांत बँकेच्या वाचकांना विशेष रुचावा. माणसाचे अवधान म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट, असे ते मानतात. नवशिक्याचे त्यातले नऊ डॉलर एकट्या क्लचवर खर्च होतात. मग रस्ता, समोरचे वाहन आणि वळण यांच्यासाठी हाती फारसे उरत नाही. सराव झाला की तेच काम काही सेंटांत भागते आणि शिल्लक अवधान निकडीच्या ठिकाणी लावता येते. ‘सुसाट गाडी चालवायला धैर्य लागते’ या आपल्याकडील लाडक्या समजुतीला येथे जागा नाही. शिलकीचा हिशेब नीट असावा लागतो, एवढेच.

पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना एकाच गिअरमध्ये, ब्रेक न वापरता ट्रॅकवर फिरण्यास सांगतात. ऐकताना हे धाडसाचे वाटते, पण परिणाम उलटा होतो: ब्रेक नाही म्हटल्यावर प्रत्येक जण वळणापूर्वीच आपला वेग ओळखून घेतो. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटरची मूठ हळुवार व सलग उघडत न्यायची, मध्येच सोडायची नाही, हा पहिला धडा. मूठ एकदम सोडली की भार पुढच्या चाकावर जातो आणि गाडी वळणाबाहेर सरकू लागते. गोंधळलेला चालक भीतीपोटी नेमके हेच करतो. हँडल घट्ट आवळणे, नजर एकाच जागी खिळणे आणि नजर खिळली तिकडेच गाडी जाणे, या अशाच आणखी काही उपजत प्रतिक्रिया आहेत. रस्त्यावर त्या प्रतिक्रिया क्षणात येऊन जातात. ट्रॅकवर तेच वळण दहा वेळा येते, समोरून ट्रक येत नाही, आणि प्रशिक्षक मागून येऊन चूक पाहून जातो.

हँडलचा धडा तर अनेकांना चक्रावून टाकतो. गाडी वेगात असताना डावीकडे वळायचे असल्यास डाव्या हाताने हँडल पुढे ढकलावे लागते. वर्षानुवर्षे गाडी चालवणारेही हे नकळत करत असतात. जाणून केले म्हणजे वळण लवकर व नेमके घेता येते. झुकण्याचेही गणित आहे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ३० अंश झुकावे लागते. वेग ७० झाला की ३८ अंश. ब्रेकचेही तसेच. वेग ४० वरून ६० झाला तर ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास सव्वादोन पट अंतर लागते. वाढ येथे सरळव्याजाने होत नाही.

ट्रॅकवर शिकलेले सगळेच रस्त्यावर आणायचे नसते. तेथे वळण घेताना पूर्ण रुंदी वापरतात. घाटात तसे केले तर समोरून येणाऱ्या एसटीची गाठ पडेल. घाटात उपयोगी पडते ते वळणाच्या आधी वेग उतरवणे, नजर वळणाच्या शेवटाकडे नेणे आणि हात सैल ठेवणे. यासाठी महागडी गाडी लागत नाही. लहान इंजिनाच्या गाडीवर चुका अधिक स्पष्ट दिसतात, असेही म्हणता येईल.

जाण्यापूर्वी विमापत्र मात्र नजरेखालून घालावे. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या सदराखाली संघटित शर्यती व वेगचाचणी वगळलेल्या असतात. ट्रॅकवरील प्रशिक्षणाचे नुकसान भरून मिळेल की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घेणे उत्तम. वैयक्तिक अपघात विम्यातील साहसी खेळांविषयीचे कलमही त्याच वेळी वाचावे. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यास ट्रॅकवर उतरण्यापूर्वी आरसे काढून ठेवावे लागतात आणि दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावावी लागते, म्हणजे गाडी पडलीच तर काचा विखुरत नाहीत. सायंकाळी निघताना आरसे पुन्हा बसवून घ्यावेत. फाटकाबाहेर चेन्नई–बंगळूर महामार्ग आहे आणि त्यावर मालट्रकांची रहदारी मोठी असते.