दातांचे डॉक्टर : एक की अनेक?

छातीत दुखू लागले तर हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे आणि दृष्टी मंदावली तर नेत्रतज्ज्ञाकडे, हे आपल्या समाजाला आता सांगावे लागत नाही. दातांच्या बाबतीत मात्र सुशिक्षित घरांतूनही ‘दातांचे डॉक्टर’ हा एकच मोघम शब्द ऐकू येतो. मग वाकड्या दातांची मुलगी, हिरड्यांतून रक्त येणारे आजोबा आणि तोंड पुरते न उघडणारा तरुण हे तिघेही जवळचा एकच दवाखाना गाठतात. त्यात चूक काही नाही. परंतु तेथून पुढे कोठे जायचे, हे ठाऊक नसल्याने अनेकांचा वेळ, पैसा आणि कधी कधी दातही जातो.

मी बालरोगतज्ज्ञ. माझ्याकडे दाताचे दुखणे सरळ येत नाही. ते ताप, सुजलेला गाल किंवा ‘चार दिवस काही खात नाही’ अशा तक्रारीच्या आडून येते. या मुलांना योग्य ठिकाणी पाठवताना जी माहिती उपयोगी पडली, ती येथे मांडत आहे.

पहिले दार

बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. ही पदवी घेतलेले दंतवैद्य म्हणजे दातांचे ‘फॅमिली डॉक्टर’. तपासणी, दातांची सफाई, कीड काढून सिमेंट भरणे, साधा दात काढणे, बरीचशी रूट कॅनाल चिकित्सा ही कामे ते उत्तम रीतीने करतात. बहुतेक रुग्णांना याहून पुढे जावे लागत नाही. म्हणून प्रथम त्यांच्याकडेच जावे आणि शक्यतो वर्षानुवर्षे एकाच दंतवैद्याकडे जावे.

त्यापुढे एम.डी.एस. हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असून त्याच्या नऊ शाखा आहेत. त्यामुळे पाटीवर केवळ ‘एम.डी.एस.’ वाचून भागत नाही; ती कोणत्या विषयातील आहे, हे नम्रपणे विचारावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘इम्प्लांट तज्ज्ञ’ किंवा ‘स्माइल डिझाइन’ या नावांची स्वतंत्र शाखा या नऊंत नाही.

मुलांचे दंतवैद्य

लहान मुलांच्या दातांसाठी पेडोडॉन्टिस्ट ही स्वतंत्र शाखा आहे. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत!’ हे वाक्य मी आजवर असंख्य वेळा ऐकले आहे. दुधाचे दात वीस. त्यांतील मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने पुढची सात-आठ वर्षे मुलाने चावायचे कसे? शिवाय मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते. दाढ अवेळी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो. अशी जागा राखून ठेवण्यासाठी पेडोडॉन्टिस्ट लहानशी तार बसवतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कळतही नाही. दुधाचीच समजून दुर्लक्षिली गेलेली ही दाढ किडून गेली, तर तिच्या जागी दुसरी येणार नसते. तिच्या खाचा वेळीच ‘सीलंट’ने बुजवता येतात.

बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याच्या सवयीने वरचे पुढचे दात प्रथम किडतात. म्हणून पहिली दंततपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. हृदयदोष, हिमोफिलिया, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता असलेल्या मुलांना तर आरंभापासूनच पेडोडॉन्टिस्टकडे न्यावे. सोबत बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी असावी.

वेडेवाकडे दात आणि जबड्याची ठेवण हे ऑर्थोडॉन्टिस्टचे क्षेत्र. सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांना एकदा दाखवावे. याचा अर्थ लगेच तार लागेल असा नव्हे. पण जबड्याची वाढ चालू असताना जे साधते, ते पुढे कठीण होते. मूल तोंडाने श्वास घेत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचे मतही घ्यावे. फाटलेले ओठ-टाळू घेऊन जन्मलेल्या बाळाला मात्र एकट्या-दुकट्या तज्ज्ञाची नव्हे, तर सर्जन, बालरोगतज्ज्ञ, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ अशा संघाची गरज असते.

मोठ्यांसाठी

दाताच्या आतील नसेचा दाह, रात्री झोपू न देणारा ठणका, अवघड किंवा पूर्वी फसलेले रूट कॅनाल यांसाठी एन्डोडॉन्टिस्ट. दात वाचवणे हेच त्यांचे शास्त्र.

हिरड्यांतून रक्त, तोंडाला दुर्गंधी, निरोगी दिसणारे दात हलू लागणे यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. म्हणून साखर आटोक्यात येत नसेल तर हिरड्याही पाहाव्यात.

कवळी, कॅप, ब्रिज अशा कृत्रिम दातांसाठी प्रॉस्थोडॉन्टिस्ट. इम्प्लांट हे प्रॉस्थोडॉन्टिस्ट, पेरिओडॉन्टिस्ट किंवा मुखशल्यचिकित्सक यांच्यापैकी त्याचा अनुभव असलेल्यांकडून करून घ्यावे.

आडवी अडकलेली अक्कलदाढ, जबड्याचे अस्थिभंग, गाठी यांसाठी ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन.

तोंडातील पांढरे-लाल चट्टे, जळजळ, न भरणारी जखम, जबड्याच्या सांध्याचे दुखणे यांसाठी ओरल मेडिसिन व रेडिओलॉजी. तुकडा काढून तपासायला दिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तो ओरल पॅथॉलॉजिस्ट पाहतात. नववी शाखा सार्वजनिक दंतआरोग्याची. शाळा-वस्त्यांतील शिबिरे आणि प्रतिबंध हा तिचा विषय.

सुपारीने तोंडाच्या आतील त्वचा पांढरट व ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. या अवस्थेतून कर्करोग उद्भवू शकतो. मध्य प्रदेशात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सुपारी मात्र बाजारात आहेच. आपल्या इंदुरातील तरुणांत तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तर ‘दाढ आखडली’ म्हणून स्वस्थ बसू नये. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातील कोणतीही जखम तज्ज्ञाला दाखवलीच पाहिजे.

जेथे घड्याळ पाहावे लागते

खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, पाण्याने हलकेच धुऊन जागेवर बसवावा. ते न जमल्यास थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. या क्षणी कोणता तज्ज्ञ हा प्रश्न गौण. जो जवळ असेल तो योग्य. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

गालावर किंवा हनुवटीखाली पसरणारी सूज, सोबत ताप, गिळताना वा श्वास घेताना त्रास, डोळा सुजून बंद होणे ही लक्षणे असतील, तर दवाखान्यात वाट पाहत न बसता मुखशल्यचिकित्सक उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी ठणका थांबतो, पू थांबत नाही.

दंतवैद्याला काय सांगावे, काय विचारावे?

मधुमेह, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधे, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे हे सारे आधी सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात कृत्रिम झडप असल्यास, पूर्वी हृदयाच्या आतील आवरणाचा जंतुसंसर्ग झालेला असल्यास किंवा निळसर पडणाऱ्या मुलाचा जन्मजात दोष दुरुस्त झालेला नसल्यास दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते.

मग तीन प्रश्न विचारावेत : नेमके निदान काय? दुसरा उपाय कोणता? काहीच केले नाही तर काय होईल? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काम संबंधित शाखेकडे पाठवण्यात कमीपणाही मानत नाही. खर्चाची चिंता असलेल्यांनी शासकीय दंत महाविद्यालयाचा मार्ग जरूर धरावा. निरनिराळ्या शाखांचे विभाग तेथे एकाच आवारात भेटतात.

शेवटी माझ्या वैद्यक सहकाऱ्यांना एक विनंती. घसा पाहताना आपली बॅटरी दातांवरून पुढे सरकते. ती क्षणभर तेथेच थांबवावी आणि काही दिसल्यास चिठ्ठीवर केवळ ‘दंततपासणी’ असे न लिहिता कोणाकडे, कशासाठी व किती दिवसांत, हेही लिहावे. रुग्णाचा पुढचा अर्धा रस्ता त्या एका ओळीने सोपा होईल.