झटका येऊन गेल्यानंतर

आमच्या गावातील एक कापड दुकानदार काही वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचले. जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर नेले, अँजिओप्लास्टी झाली, सहाव्या दिवशी घरी आले. पुढची देखरेख माझ्याकडे होती. नाडी, रक्तदाब पाहून मी म्हटले, "सगळे ठीक आहे. आता आराम करा." त्यानंतर औषधे न्यायला मुलगाच यायचा, "बरे आहेत" म्हणायचा, आणि मीही अधिक विचारले नाही. सात महिन्यांनी एकदा घरी गेलो, तर गृहस्थ पलंगावर बसून होते. एकदाही दुकानाची पायरी चढले नव्हते. आंघोळीला जाताना न्हाणीघराच्या दाराशी मुलगा उभा राही. छातीत दुखत नव्हते, धाप लागत नव्हती. "डॉक्टर, तुम्हीच आराम करा म्हणालात ना?" असे ते म्हणाले. आराम किती दिवस, हे सांगायचे मी विसरलो होतो. चूक माझी होती.

म्हणून आज तेच सांगतो. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायूचा भाग मरतो. तेथे हळूहळू चिवट व्रण तयार होतो. गुडघा फुटल्यावर खपली धरून वण राहतो, तसेच. या व्रणाला पक्के व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. उरलेला स्नायू त्या काळात काम सांभाळून घेतो. त्याला हलके, नियमित काम मिळाले तर तो सुधारतो; नुसते पडून राहिले तर हातापायांचे स्नायूही गळतात आणि चार पावलांत धाप लागते. मग माणसाला वाटते, हृदयच गेले!

पूर्वी डॉक्टरांचीही समजूत अशीच होती. रुग्णाला सहा सहा आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. 1952 मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. लेव्हाइन आणि डॉ. लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवले आणि त्याने अपाय होत नाही हे दाखवले. 1955 मध्ये तेथील राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, जिंकले आणि 1969 पर्यंत जगले. आपल्याकडे मात्र "जिवावरचे गेले, आता हलू नका" हे शब्द अजून घरोघर ऐकू येतात.

गुंतागुंत नसेल तर घरी आल्यावर सपाट जागी पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा चालावे. दर दोन-चार दिवसांनी थोडे वाढवत सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासावर यावे. चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटत असेल तर वेग कमी करावा. जेवल्यावर तासभर थांबावे. भरलेला हंडा, गॅसची टाकी, कापडाचे गठ्ठे पहिले सहा आठवडे उचलू नयेत. शौचाला कुंथू नये. बद्धकोष्ठ असेल तर संकोच न करता सांगावे. बैठे काम बहुतेकांना दोन ते सहा आठवड्यांत सुरू करता येते. कष्टाचे काम असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

बाईमाणसाची गत नेमकी उलटी. तिला झटका येऊन आठवडा होत नाही तोच ती चुलीपुढे असते, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. तिलाही हेच नियम लागू आहेत, हे घरातील पुरुषांनी ध्यानात घ्यावे.

आता मनाचे. धीराचा माणूसही झटक्यानंतर क्षुल्लक कारणाने रडतो, चिडतो, रात्री दचकून उठून नाडी मोजतो. "झोपेत काही झाले तर?" ही भीती कोणी बोलून दाखवत नाही. हे बहुतेकांना होते आणि काही आठवड्यांत ओसरते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास, झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशात रस नाही असे असेल, तर ते आजारपण समजावे. 1993 मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवून दिले, की झटक्यानंतर असे नैराश्य आलेल्या रुग्णांना पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका अधिक असतो. म्हणजे ही मनाची चैन नव्हे. त्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे. 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

एक प्रश्न दवाखान्यातून निघताना दाराशी, तोही अर्धवट विचारला जातो. पतिपत्नीसंबंधांचा. दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर बहुधा हरकत नसते. तरी डॉक्टरांना एकदा विचारावेच. शक्तीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मात्र परस्पर घेऊ नयेत. सॉर्बिट्रेटसारख्या गोळीबरोबर त्या घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

बरे वाटू लागले म्हणून औषधे सोडणारे तर दर महिन्याला भेटतात. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी विचारा.

आणि छातीत पुन्हा दाब, जडपणा, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ आली, तर ओवा-हिंग खात वेळ काढू नका. खाली बसा, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत थांबले नाही तर 108 ला फोन करा. मोटारसायकलवर मागे बसून निघू नका.

आमच्या दुकानदारांना मी पहिल्या दिवशी स्वतः कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालवत नेले. वाटेत ते तीनदा थांबले, थकून नव्हे, घाबरून. घरच्यांना सांगितले, मुलाने दहा पावले मागे राहायचे, हात धरायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलगा घरीच थांबला. दोन महिन्यांनी ते गल्ल्यावर बसू लागले. गठ्ठे मुलगा उचलतो. गिऱ्हाईकाशी घासाघीस अजून तेच करतात.