पेढीचे संगणक आणि इंटरनेटचा दरवाजा

पूर्वी हिशेबाच्या वह्या कपाटात टाकून कुलूप लावले की मालक निश्चिंत होत असे. आता त्या वह्या संगणकात आहेत, आणि पेढी बंद झाल्यावरही इंटरनेटची जोडणी चालूच राहते. म्हणून व्यापारी व कारखानदार बांधवांनी २०१७ सालची एक घटना समजून घेणे फायद्याचे आहे.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून पसरला. तिथे हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. आपल्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचे झाले.

एवढी मोठी कंपनी, मग पहारा नव्हता काय? पहारा होता, पण शत्रू ओळखीच्या मालाच्या गाठीत लपून आला. आत शिरल्यावर त्याला अडवायला पुरेशा भिंती नव्हत्या. गोदामात मध्ये भिंत नसेल, तर एका कोपऱ्यातली ठिणगी सगळा माल खाते, तसेच हे झाले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली दरवाजाची. पेढीचे संगणक आणि इंटरनेट यांच्यामध्ये जो पहारेकरी बसतो त्याला फायरवॉल म्हणतात. आतून कोणी काही मागवले तर त्याचे उत्तर तो आत येऊ देतो. बाहेरून न बोलावता आलेल्याला परत पाठवतो. त्याचा नियम एकच असावा : ज्याला परवानगी दिली नाही, ते सर्व बंद. घरी बसून पेढीचा संगणक पाहता यावा म्हणून पुष्कळ जण या पहाऱ्याला भोक पाडून घेतात. जगभरचे चोर अशी भोकेच शोधत असतात. घरून काम करायचेच असेल, तर व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग घ्यावा. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

दुसरी गोष्ट आतल्या भिंतींची. हिशेबाचा संगणक वेगळ्या जोडणीवर असावा. सीसीटीव्ही कॅमेरे आणि गिऱ्हाइकांचे वाय-फाय त्यापासून अलग ठेवावे. सर्व संगणकांना एकच पासवर्ड देऊ नये. नॉटपेट्या एका यंत्रातून पासवर्ड चोरून दुसऱ्यात घुसत होता, त्यामुळे अद्ययावत केलेले संगणकही बळी पडले.

कोणत्या कर्मचाऱ्याला काय उघडण्याची मुभा आहे, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सर्व्हर जगभर होते. ते सर्व पुसले गेले; वाचला फक्त आफ्रिकेतील घाना येथला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीचा कारभार पुन्हा उभा राहिला.

वीज गेली की आपण कारखानदार कपाळाला हात लावतो. मर्स्कला मात्र तिनेच तारले. पण असे नशीब दरवेळी साथ देत नाही. दर आठवड्याला हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. वह्यांना लावायचे ते जुने कुलूप आता या डिस्कला लावावे.