738 किलो, 722 घोडे आणि एक युनिटही नाही

जालन्याच्या एमआयडीसीत वजन किलोत सांगण्यापेक्षा सळयांत सांगितलेलं बरं. 12 मिलिमीटर जाडीची, 12 मीटर लांब सळई भरते 10.66 किलो. अशा 69 सळया एका बाजूला ठेवल्या की दुसऱ्या बाजूला 'एकोंक' ही अख्खी गाडी तोलता येते. तिचं वजन 738 किलो.

एकोंक घडवली मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्ह या छोट्या कंपनीने. विजेवर चालणारी, एकाच माणसाला बसता येईल अशी. चंकी वझिरानींच्या या कंपनीने 2018 साली इंग्लंडमधल्या गुडवुडला 'शूल' ही गाडी दाखवली होती. 2021च्या नोव्हेंबरात एकोंक आली. कंपनीचे आकडे असे: ताकद 722 अश्वशक्ती, शून्यावरून ताशी 100 किलोमीटर 2.54 सेकंदांत, आणि इंदूरजवळच्या नॅट्रॅक्सच्या ट्रॅकवर गाठलेला वेग ताशी 309. आपल्या आल्टो 800चं वजनही एकोंकच्याच आसपास. घोडे मात्र पन्नासच्या आतले.

ते 2.54 सेकंद जरा बघू. विहिरीत दगड सोडला तर त्याला ताशी 100चा वेग यायला 2.83 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो 39 मीटर खाली जातो. इतकी खोल विहीर आपल्याकडेही विरळाच. म्हणजे ही गाडी सपाट रस्त्यावर, पडत्या दगडाच्या आधी शंभरी गाठते. आणि गंमत अशी, की त्यासाठी 722 घोडे लागतच नाहीत. चालकासकट 800 किलो धरले तर सरासरी 163 घोड्यांत काम होतं. बाकीच्यांना आवरून धरावं लागतं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरून नुसतं रबर जळेल.

ते सगळे घोडे खरे कामाला येतात पुढे, हवेशी गाठ पडल्यावर. 309च्या वेगात गाडी सेकंदाला 86 मीटर कापते. समोरची बाजू दोन चौरस मीटर धरली, तर दर सेकंदाला दोनशे किलो हवा बाजूला सारावी लागते. चार सेकंदांत गाडीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त! वेग दुप्पट झाला की हवेपायी लागणारी ताकद आठपट होते. ताशी 80च्या तुलनेत 309ला ती जवळपास 58पट.

आता माझा लाडका आकडा. ताशी 309 वेगाने धावणाऱ्या या गाडीत, चालकासकट, गतीची ऊर्जा किती? 0.82 युनिट. वीजबिलातलं एक युनिटही नाही. जालन्यातल्या इंडक्शन भट्टीत एक टन भंगार वितळवायला पाच-सहाशे युनिटं जातात. या हिशेबाने 0.82 युनिटात वितळेल जेमतेम दीड किलो लोखंड. त्याचं बिलेट होऊन, लालभडक असतानाच रोलिंग मिलच्या स्टँडांतून सरसर निघून, कूलिंग बेडवर पडेल ती पावणेदोन मीटरसुद्धा भरणार नाही एवढी सळई. उलट तीच गाडी पूर्ण ताकदीने तासभर पळवली (तेवढी बॅटरी पुरली असं समजू), तर 538 युनिटं उडतील, म्हणजे भट्टीतलं टनभर लोखंड! वेग घेणं स्वस्त, तो हवेत टिकवणं महाग.

मला मात्र 309पेक्षा 738 या आकड्याचं कौतुक जास्त. 309 हा कंपनीने स्वतःच्या चाचणीत काढलेला, तेव्हा तो तेवढ्याच विश्वासाने घ्यावा. पण विजेच्या गाडीत बॅटरीच सगळ्यात जड, आणि तरीही वजन आल्टोएवढं ठेवायचं, हे सोपं नाही. कार्बन फायबरचं अंग पोलादापेक्षा खूपच हलकं पडतं, त्याच आकारमानाला वजन साधारण एक पंचमांश. बॅटरी थंड ठेवायला पाण्याचे पंप, नळ्या, रेडिएटर असा पसारा असतो. कंपनीने तोही काढून थेट हवेवर भागवलं. किलो वाचवले ते असे.

पुढच्या वेळी कुणी गाडीचे घोडे मोजून दाखवले, तर आधी वजन विचारा.