मोबाईल आणि शेतकऱ्याचा अंगठा

शेतकरी वर्गांत मोबाईलचा प्रसार किती झाला आहे हें आतां सांगावयास नको. सातबाराचा उतारा, पिकाची नोंद, बाजारभाव, बँकेचा व्यवहार हीं सर्व कामें त्यावर होऊं लागलीं आहेत. ज्या उताऱ्यासाठीं पूर्वीं तलाठ्याकडे दोन-तीन खेपा घालाव्या लागत, तो घरबसल्या मिळतो ही सोय लहान नव्हे. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेल्यामुळें तिचें मोल आम्हांस विशेष वाटतें. परंतु जी वस्तु इतकीं कामें करिते, ती परक्याच्या ताब्यांत गेल्यास तितकाच अनर्थ करूं शकते, इकडे पुष्कळांचें लक्ष नाहीं.

जुनें दप्तर चाळतांना सहीच्या जागीं ‘निशाणी नांगर’ असे शब्द आढळतात. लिहितां न येणाऱ्या कुळानें नांगराची खूण करावी आणि वरील मजकूर मात्र सावकारासच ठाऊक असावा, असा तो काळ होता. अशा रोख्यांपायीं जमिनी गेल्या, आणि 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. पुढें 1879 च्या कायद्यानें शेतकऱ्याचा दस्तऐवज सरकारी अंमलदारापुढें व्हावा अशी तजवीज झाली. हा इतिहास येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, हल्लीं बँकेकडून मोबाईलवर जो ‘ओटीपी’ येतो, तो म्हणजे आजची नांगराची निशाणीच होय. तो ज्यास सांगितला, त्यास कोऱ्या कागदावर अंगठा करून दिला असें समजावें. मागणारा बँकेचा साहेब म्हणवो कीं पोलीस म्हणवो, सांगूं नये. जो आंकडा बँकेनेंच पाठविला, तो बँकेस तुमच्याकडून फोनवर विचारून घेण्याचें प्रयोजन काय?

युपीआयच्या पिनविषयीं एकच गोष्ट ध्यानांत धरावी. पिन पैसे देतांना लागतो, घेतांना लागत नाहीं. “तुमच्या कांद्याचे पैसे पाठवितों, फक्त पिन टाका,” असें म्हणणारा व्यापारी पैसे पाठवीत नसून ओढीत असतो. चौकटीचें चित्र, म्हणजे क्यूआर कोड, पाठवून “हें स्कॅन करा, रक्कम जमा होईल” असें सांगणाराही त्याच जातीचा.

याहून वाईट प्रकार ‘एपीके’ फाईलचा आहे. पीएम-किसान योजनेचे वर्षास 6,000 रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात हें ठगांसही ठाऊक आहे. म्हणून योजनेच्या नांवाची फाईल व्हॉट्सॲपवर येते. कधीं ती ओळखीच्या माणसाकडूनही येते, कारण त्याचा फोन आधींच ठगांच्या ताब्यांत गेलेला असतो. फाईल उघडली कीं ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली म्हणजे ओटीपी विचारण्याचेंही कारण उरत नाहीं. तो परस्पर वाचला जातो. यास्तव कोणतेंही ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावें, व तेथेंही तें कोणीं काढलें आहे तें वाचून पाहावें. चुकून अशी फाईल उघडली गेलीच, तर फोनचें इंटरनेट व सिम दोन्ही तत्काळ बंद करावीं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावें.

पैसे गेल्यावर ‘गांवांत हसें होईल’ म्हणून पुष्कळ लोक गप्प बसतात. आमच्या मतें मूळ फसवणुकीपेक्षां हें गप्प बसणेंच अधिक महाग पडतें. 1930 ह्या क्रमांकावर लागलीच फोन करावा. रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असतांनाच ती अडवितां येते. बँकेसही तत्क्षणीं कळवून तक्रारीचा क्रमांक वहींत लिहून ठेवावा. रिझर्व्ह बँकेनें 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, ग्राहकाच्या हयगयीनें पैसे गेले असले तरी बँकेस कळविल्यानंतर जें नुकसान होईल तें बँकेनें सोसावें. म्हणजे कळविल्याची वेळ हाच येथें मुख्य पुरावा ठरतो.

मोबाईल चोरीस गेल्यास चोर सिम काढून दुसऱ्या फोनांत घालतो, आणि ओटीपी तेथें येऊं लागतात. त्यासाठीं सिमलाच पिन लावण्याची सोय सेटिंगमध्यें असते. मात्र कंपनीचा मूळ पिन विचारून घेतल्यावांचून तेथें हात घालूं नये. तीन वेळां चुकल्यास सिम बंद पडतें. *#06# दाबल्यास 15 आंकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो घरच्या वहींत उतरून ठेवावा. ‘संचार साथी’ संकेतस्थळावर हरवलेला फोन बंद करवितांना तो लागतो.

आतां उताऱ्याविषयीं. ‘महाभूलेख’ वर जो सातबारा फुकट दिसतो तो केवळ माहितीसाठीं असतो. कर्जप्रकरणास तो नेला तर खेप वायां जाते. 15 रुपये भरून जो डिजिटल सहीचा उतारा मिळतो तो न्यावा. त्यावर 16 आंकडी क्रमांक असतो, व त्यावरून उतारा खरा कीं खोटा हें कोणासही ताडून पाहतां येतें. जमीन विकत घेणाऱ्यानें तर हें अवश्य करावें.

ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर चालू झाली. फोटो घेतांना त्याच गटांत उभें राहून फोनचें ‘लोकेशन’ चालू ठेवावें. जागा उपग्रहावरून कळते, तिला इंटरनेट लागत नाहीं. दाट झाडाखालीं मात्र वेळ लागतो, म्हणून उघड्यावर येऊन मिनिटभर थांबावें. नोंद झाल्याचा संदेश दिसला कीं त्याचें चित्र जपून ठेवावें. रकाना कोरा राहिल्यास नुकसानभरपाईच्या वेळीं पंचाईत होते.

फोन मंद चालूं लागला तर बहुधा व्हॉट्सॲपवरील सुप्रभाताचीं चित्रेंच त्यांत भरलेलीं असतात. तीं आपोआप उतरणें सेटिंगमध्यें बंद करतां येतें. बॅटरीस उन्हाचा ताप सोसत नाहीं, म्हणून फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बांधावर उन्हांत टाकूं नये. बॅटरी फुगलेली दिसल्यास चार्जिंगला न लावतां ती दुकानांतून बदलून घ्यावी.