ठरल्या वेळचीं कामें आणि न टिकणारे फेरफार

अलिबागच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेण्याचें काम १९०४ सालापासून आजतागायत चालू आहे. त्यापूर्वी तें मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत होत असे व तेथील नोंदींचा आरंभ १८४१ सालचा आहे. मुंबईंत घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां विजेच्या प्रवाहामुळें कुलाब्याच्या नाजूक उपकरणांना खरें काय तें सांगतां येणार नाहीं, हें उघड झालें. त्या वेळचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दींत समुद्रापलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यांत आली. परंतु नवी चालू होतांच जुनी बंद करण्यांत आली नाहीं. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं नोंदी चालल्या, त्या एकमेकींशीं ताडून पाहतां आल्या, आणि मगच कुलाब्याचें काम थांबलें. कारण अशा नोंदींत हुकलेली घटका पुन्हा कधींहि नोंदतां येत नाहीं.

ठरल्या वेळीं ठरलेलें काम बिनचूक होणें, आणि त्या कामांत फेरफार करावयाचा तर तो खरोखर लागू झाला कीं नाहीं याची खात्री करून घेणें, ही शिस्त एकट्या वेधशाळेचीच नव्हे. आज बँका, दवाखाने, छापखाने, ग्रंथालयें यांच्या संगणकांवर रात्रीं माणसें झोंपलेलीं असतांना शेंकडों कामें आपोआप होत असतात. त्यांतील पुष्कळ संगणक युनिक्स नांवाच्या घराण्यांतले असतात. १९६९ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत या घराण्याचा जन्म झाला. त्यांत ठरल्या वेळीं कामें करून घेणारा जो सेवक आहे, त्याला क्रॉन म्हणतात. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत तो होता. हल्लीं ठिकठिकाणीं चालणारीं त्याचीं रूपें बहुतांशीं पॉल विक्सी यांनीं १९८७ सालीं लिहिलेल्या क्रॉनचे वंशज आहेत.

क्रॉनचें काम सोपें आहे. तो दर मिनिटास जागा होतो, आपल्यापुढील वेळापत्रक पाहतो आणि त्या मिनिटास जें काम लिहिलेलें असेल तें सुरू करून देतो. या वेळापत्रकास क्रॉनटॅब म्हणतात. त्यांत एका कामास एक ओळ असते व ओळीच्या आरंभीं पांच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार. त्यापुढें करावयाच्या कामाची आज्ञा. रकान्यांत तारकेचें चिन्ह असल्यास ‘कोणतेंहि चालेल’ असा अर्थ होतो.

आतां असें समजा कीं, अलिबागेंतील एका लहानशा कार्यालयांत दिवसभराच्या हिशेबाची नक्कल रोज रात्रीं दोन वाजतां पुण्याच्या एका संगणकावर पाठविली जाते. किनाऱ्यावरच्या गांवाला ही खबरदारी अनाठायीं नव्हे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां रायगड जिल्ह्यांतील कित्येक गांवें अनेक दिवस विजेवांचून होतीं. कार्यालयांतील गृहस्थ ठरवितात कीं, पावसाळ्यांत मध्यरात्रीनंतर वीज जाण्याचें भय, तेव्हां हें काम रात्रीं साडेअकरालाच उरकावें. ते वेळापत्रक उघडतात, वेळ बदलतात आणि निश्चिंत मनानें घरीं जातात. चार दिवसांनीं पाहतात तों वेळ पूर्वीचीच, दोनची! बदल केला होता हें त्यांना स्वच्छ आठवतें. मग तो गेला कोठें?

हें कोडें उलगडावयाचें तर फेरफार रुजू होतो कसा हें आधीं पाहिलें पाहिजे. जमिनीच्या व्यवहाराचें उदाहरण घ्या. खरेदीखत झालें म्हणजे सातबाऱ्यावर नांव लागलें असें होत नाहीं. आधीं फेरफाराची नोंद होते, ती तपासली जाते, सक्षम अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि त्यानंतर सातबारा बदलतो. क्रॉनटॅबचेंहि असेंच आहे. ‘क्रॉनटॅब’ या आज्ञेस ‘ई’ अक्षराची जोड देऊन वेळापत्रक उघडलें म्हणजे मूळ वेळापत्रक हातीं येतच नाहीं. हातीं येते ती तात्पुरत्या जागेंत ठेवलेली एक नक्कल. ती एडिटरमध्यें उघडली जाते. एडिटर बंद होईपर्यंत क्रॉनटॅब वाट पाहतो, नंतर नकलेंत बदल झाला आहे काय हें पाहतो, मजकूर तपासतो, आणि सर्व ठीक असल्यासच मूळ दप्तरांत ती दाखल करतो. यांतील कोणतीहि पायरी चुकली, तर लिहिलेलें लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें असतें, पण दप्तरांत नसतें.

म्हणून पहिला प्रश्न ‘बदल कां गेला’ हा नव्हे. ‘बदल केव्हां गेला’ हा होय. ‘क्रॉनटॅब’ला ‘एल’ अक्षराची जोड दिली असतां दाखल झालेलें वेळापत्रक पडद्यावर दिसतें. एडिटर बंद करतांच हें पहावें.

त्याच क्षणीं जुनीच वेळ दिसली, तर बदल दप्तरापर्यंत पोंचलाच नाहीं. याचें सर्वांत साधें कारण म्हणजे मजकूर जतन न करतां बाहेर पडणें. व्हीआय नांवाच्या जुन्या एडिटरमध्यें जतन करणें आणि बाहेर पडणें या दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. नवशिक्या माणूस नुसता बाहेर पडतो, आणि कांहीं बदल झाला नसल्याचा निरोप पडद्यावर उमटून जातो. दुसरें कारण याहून फसवें आहे. खिडकींत उघडणारे कांहीं एडिटर खिडकी उघडतांच ‘माझें काम झालें’ असें कळवून मोकळे होतात. क्रॉनटॅब बिचारा तत्काळ नक्कल तपासतो, बदल दिसत नाहीं म्हणून ती टाकून देतो. इकडे गृहस्थ शांतपणें वेळ बदलून जतन करतात, पण तें जतन होतें टाकून दिलेल्या कागदावर! अशा एडिटरला खिडकी बंद होईपर्यंत थांबावयास सांगण्याची सोय असते, ती वापरावी; नाहीं तर या कामापुरता साधा एडिटर बरा. तिसरा प्रकार असा कीं, कांहीं एडिटर जुन्या फाइलींत न लिहितां नवी फाइल करून तिला जुनीचें नांव देतात, आणि क्रॉनटॅबच्या कांहीं आवृत्तींस हें मानवत नाहीं. त्या आपल्या हातांतील मूळ नकलेकडेच पाहत राहतात.

मजकुरांत चूक असली तरीहि फेरफार नामंजूर होतो. मिनिटांचा रकाना शून्यापासून एकोणसाठपर्यंत व तासांचा शून्यापासून तेवीसपर्यंत असतो. मध्यरात्र म्हणून तासाच्या रकान्यांत २४ लिहिलें कीं, ती एक ओळच नव्हे, संबंध बदललेलें वेळापत्रक परत केलें जातें. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू केली नसेल, तरी कांहीं आवृत्ति ती ओळ नाकारतात किंवा सोडून देतात. चूक आढळली म्हणजे ‘पुन्हा दुरुस्त करतां काय’ असें विचारलें जातें. घाईंत ‘नाहीं’ असें उत्तर दिलें तरी सर्व गेलें असें समजूं नये. नाकारलेली नक्कल कोठें ठेवली आहे हें पुष्कळ आवृत्ति त्याच वेळीं सांगतात. ती ओळ वाचावी. डिस्क पूर्ण भरलेली असल्यासहि नव्या नकलेला जागा मिळत नाहीं; तेंहि पहावें.

एडिटर बंद केल्यावर नवी वेळ दिसते, परंतु काम जुन्याच वेळीं होतें, असें असेल तर वेळापत्रकें दोन आहेत असा संशय घ्यावा. आरंभीं साऱ्या यंत्रास एकच वेळापत्रक असे. पुढें प्रत्येक वापरणाऱ्यास स्वतःचें मिळालें. यंत्राचा सर्वाधिकारी जो ‘रूट’, त्याचें वेळापत्रक निराळें. ‘सूडो’ म्हणून रूटचा अधिकार घेऊन उघडलें तर रूटचें उघडतें, तसें न करतां उघडलें तर आपलें. शिवाय सर्व यंत्राचें म्हणून आणखी एक वेळापत्रक ‘इटीसी’ या कप्प्यांत असतें, आणि त्यांत पांच रकान्यांपुढें सहावा रकाना असतो, तो काम कोणाच्या नांवें करावयाचें त्याचा. तेथील ओळ तशीच उचलून आपल्या वेळापत्रकांत घातली, तर क्रॉन त्या नांवालाच आज्ञा समजतो.

बदल दिवसभर नीट राहतो आणि दुसऱ्या दिवशीं नाहींसा होतो, तेव्हां तो कोणीतरी पुसतो आहे हें निश्चित. कित्येक ठिकाणीं अनेक यंत्रांची व्यवस्था पपेट किंवा अॅन्सिबल अशा साधनांनीं एका मध्यवर्ती जागेवरून ठेवली जाते. त्या जागेच्या लेखीं दोनची वेळच खरी असते, म्हणून ठराविक काळानें तें साधन इमानेंइतबारें जुनी वेळ परत लिहितें. येथें क्रॉनशीं भांडून उपयोग नाहीं. बदल मध्यवर्ती लेखांतच केला पाहिजे. एखादा सहकारी आपल्याजवळच्या जुन्या फाइलीवरून वेळापत्रक चढवीत असेल, तरी हाच परिणाम होतो. कारण फाइल चढविली म्हणजे तींतील ओळी जुन्यांत मिळविल्या जात नाहींत, सबंध वेळापत्रकच बदललें जातें. दोघांनीं एकाच वेळीं उघडलें, तर जो मागाहून बंद करील त्याचें राहतें. आणखी एक धोका बोटांचा आहे. कळफलकावर ‘ई’च्या शेजारींच ‘आर’ आहे, आणि ‘आर’ची जोड दिली तर सारें वेळापत्रक पुसलें जातें, पुष्कळ आवृत्ति ‘खरेंच पुसूं काय’ असें विचारीतहि नाहींत.

यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर बदल गेला, तर तो मुळांत टिकाऊ जागीं लिहिलाच गेला नव्हता. घरोघरीं असणारे कित्येक इंटरनेटचे राउटर व फाइली सांठविण्याच्या लहान पेट्या आपलें दप्तर चालू स्मृतींत मांडतात; वीज गेली कीं पाटी कोरी. अशा यंत्रांत बदल कायम करण्याची जी सोय बनविणाऱ्यानें दिली असेल, तिच्यावांचून इलाज नाहीं. जेथें वीज वारंवार जाते, तेथें हा दोष सर्वांत आधीं उघडकीस येतो, आणि तोहि नेमका वादळाच्या दिवसांत.

कांहीं जण या साऱ्याला कंटाळून मूळ दप्तरांतली फाइलच थेट दुरुस्त करतात. ‘ही फाइल येथें बदलूं नये’ अशी सूचना तिच्या माथ्यावर अनेकदां असते. सोलारिससारख्या युनिक्समध्यें अशी दुरुस्ती क्रॉन पुन्हा सुरू होईपर्यंत त्याच्या ध्यानांतच येत नाहीं.

या दोषांपासून एक दोष वेगळा ओळखावा. बदल टिकला आहे, वेळहि बरोबर आहे, पण काम होत नाहीं. क्रॉन हा माणसाप्रमाणें सर्व कप्प्यांत शोध घेत नाहीं; म्हणून आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा. शिवाय शेंकड्याचें चिन्ह त्याला ‘येथें ओळ संपली’ असें वाटतें. नकलेच्या नांवांत तारीख घालतांना हें चिन्ह येतें व आज्ञा अर्धवट तुटते. तेथें त्या चिन्हाआधीं उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

तेव्हां आपल्या अलिबागच्या गृहस्थांनीं करावें तें इतकेंच. बदलण्यापूर्वी जुन्या वेळापत्रकाची एक प्रत बाजूस ठेवावी. बदल करून एडिटर बंद करतांच दाखल झालेलें वेळापत्रक वाचावें. दर मिनिटास एका फाइलींत वेळ लिहून ठेवणारी एक निरुपद्रवी ओळ थोडा वेळ घालून क्रॉन जागा आहे कीं नाहीं तें पहावें व ती ओळ काढून टाकावी. दुसऱ्या दिवशीं वेळापत्रक पुन्हा वाचावें, आणि सवडीच्या वेळीं यंत्र मुद्दाम बंद करून, पुन्हा सुरू करून, तिसऱ्यांदा वाचावें. शेवटीं पुण्याच्या संगणकावर रात्रीं साडेअकरानंतर त्या दिवसाची नक्कल खरोखर आली आहे काय, आणि ती उघडते काय, हें पहावें. तोंपर्यंत दोन वाजतांची जुनी ओळ काढूं नये. दोन्ही वेळच्या नकला, एकीवर दुसरी न चढेल अशा निरनिराळ्या नांवांनीं, कांहीं दिवस येत राहिल्या तर नुकसान थोड्या जागेचेंच आहे. कुलाबा आणि अलिबाग यांनीं दोन वर्षें तेंच केलें होतें.